विश्लेषण : टॉटनहॅमकडून अवघे १० सामने खेळलेला वॉल्टर टल इतिहासात कसा राहिला?

टॉटनहॅम हॉटस्परकडून लीगचे १० सामने आणि २ गोल. नॉर्दम्प्टन टाउनकडून १११ सामने आणि ९ गोल. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून एकही सामना नाही. एवढ्या आकड्यांवर कुणी अजरामर होत नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये असे शेकडो खेळाडू होऊन गेले. आठवड्याच्या पगारावर खेळले, गुडघे दुखू लागल्यावर पब चालवायला लागले किंवा पुन्हा गिरणी-कारखान्यात गेले. त्यांची नावे आज क्लबच्या जुन्या नोंदवह्यांतच सापडतात.

वॉल्टर टलचे नाव मात्र इंग्लंडमधील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कृष्णवर्णीय असल्याने मैदानावर शिव्या खाल्लेला खेळाडू आणि नंतर गोऱ्या सैनिकांचे नेतृत्व करणारा अधिकारी, अशी त्याची ओळख सांगितली जाते. ती खोटी नाही. पण या दोन टोकांच्या मधली चार वर्षे, म्हणजे नॉर्दम्प्टनमधली वर्षे, बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जातात. टल खऱ्या अर्थाने फुटबॉलपटू होता तो तिथे.

बालपण अनाथाश्रमात का गेले?

वॉल्टर डॅनियल जॉन टलचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोकस्टन या बंदराच्या गावी झाला. वडील डॅनियल टल मूळचे कॅरिबियनमधील बार्बाडोस बेटाचे. वॉल्टरचे आजोबा तिथे गुलामीत जन्मले होते. डॅनियल सुतारकाम शिकले आणि १८७६ मध्ये इंग्लंडला आले. फोकस्टनला त्यांनी केंट परगण्यातील अॅलिस पामर या तरुणीशी लग्न केले. मुले झाली, संसार बेताचा पण नीट चालला होता.

१८९५ मध्ये अॅलिसचा कर्करोगाने मृत्यू झाला तेव्हा वॉल्टर सात वर्षांचा होता. डॅनियल यांनी अॅलिसच्याच नात्यातील क्लारा हिच्याशी दुसरे लग्न केले. पण १८९७ च्या डिसेंबरमध्ये हृदयविकाराने तेही गेले. सावत्र आईच्या पदरी एवढी मुले आणि घरात कमावते कुणी नाही. तिने मोठ्या मुलांना जवळ ठेवले नसते तर घर चालले नसते आणि धाकट्यांना ठेवले असते तरी चालले नसते. अखेर वॉल्टर आणि त्याचा मोठा भाऊ एडवर्ड यांना १८९८ मध्ये पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील मेथडिस्ट पंथाच्या अनाथाश्रमात पाठवण्यात आले.

दोन वर्षांनी दोघा भावांची ताटातूट झाली. एडवर्डला ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाने दत्तक घेतले. हे घर दंतवैद्याचे होते. एडवर्ड पुढे शिकून दंतवैद्य झाला, ब्रिटनमधील या व्यवसायातील पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी एक. वॉल्टर आश्रमातच राहिला. तिथे तो छपाईचे काम शिकला आणि आश्रमाच्या संघातून फुटबॉल खेळू लागला. भाऊ मात्र एकमेकांना अंतरले नाहीत. वॉल्टर सुटीत ग्लासगोला जात असे आणि त्याच्याविषयी आज जे माहीत आहे, त्यातले बरेचसे एडवर्डच्या कुटुंबाने कागदपत्रे जपल्यामुळेच माहीत आहे.

टॉटनहॅमने त्याला कसे हेरले?

१९०८ मध्ये पूर्व लंडनमधील क्लॅप्टन या हौशी क्लबने टलला चाचणीसाठी बोलावले. हौशी म्हणजे बिनपगारी, पण दर्जा कमी नव्हता. त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूंसाठी स्वतंत्र चषक असे आणि त्याला मोठी गर्दी होई. टल काही महिन्यांत राखीव संघातून मुख्य संघात आला. १९०८-०९ च्या त्या हंगामात क्लॅप्टनने एफए हौशी चषक, लंडन सीनियर चषक आणि लंडन परगण्याचा हौशी चषक असे तीन चषक जिंकले. हंगामातला सर्वांत मोलाचा शोध म्हणून वृत्तपत्रांत त्याचे नाव छापून आले.

टॉटनहॅमचा क्लब तेव्हा पहिल्या विभागात नुकताच बढती मिळवून पोहोचला होता. १९०९ च्या उन्हाळ्यात क्लबने अर्जेंटिना आणि उरुग्वेचा दौरा केला, त्यात टलला नेले. त्याच्याशी व्यावसायिक करार झाला. करारावर सहीचे १० पौंड आणि आठवड्याला ४ पौंड पगार. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण इंग्लिश फुटबॉलमध्ये तेव्हा पगाराला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती आणि ती ४ पौंडांचीच होती. म्हणजे क्लबने पहिल्याच दिवशी त्याला नियमाने देता येईल तेवढे सगळे दिले. अनाथाश्रमातून बाहेर पडलेल्या छपाई कामगारासाठी हा पगार मोठाच होता.

सप्टेंबर १९०९ मध्ये संडरलँडविरुद्ध त्याने पदार्पण केले. टॉटनहॅम हरले. घरच्या मैदानावरचा त्याचा पहिला सामना एफए चषकविजेत्या मँचेस्टर युनायटेडशी होता. तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर तो २-२ असा बरोबरीत सुटला. टलला पाडल्याबद्दल टॉटनहॅमला पेनल्टीही मिळाली. आठवडाभराने ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध त्याचा पहिला गोल झाला. सुरुवात वाईट म्हणता येईल अशी नक्कीच नव्हती.

ब्रिस्टॉलमध्ये काय घडले?

९ ऑक्टोबर १९०९ रोजी टॉटनहॅमचा संघ ब्रिस्टॉल सिटीच्या मैदानावर खेळला. प्रेक्षकांतल्या एका गटाने टलच्या रंगावरून सामनाभर अर्वाच्य शिवीगाळ केली. हे आपल्याला कळते ते लंडनच्या एका क्रीडा साप्ताहिकाच्या वार्ताहरामुळे. त्याने या प्रेक्षकांची भाषा मासळीबाजारालाही लाजवेल अशी असल्याचे लिहिले, टल हा त्या दिवशी मैदानावरचा सर्वोत्तम आघाडीपटू होता असे मत नोंदवले आणि इतके होऊनही त्याने तोल ढळू दिला नाही याचे कौतुक केले. १९०९ मधल्या वृत्तपत्रासाठी हे लिखाण साधे नव्हते. प्रेक्षकांची शिवीगाळ ही तेव्हा बातमी मानली जात नसे.

यानंतर टल मुख्य संघातून दिसेनासा झाला. त्या हंगामात एकूण सात सामने, पुढच्या हंगामात तीन. बाकी सगळा वेळ राखीव संघात.

का? या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. पहिले, क्लब प्रेक्षकांच्या वागण्याला घाबरला. दुसरे, टलला पहिल्या विभागाला लागणारा वेग नव्हता. दुसऱ्या उत्तरात तथ्य असू शकते. टलचा खेळ डोक्याचा होता, पायांच्या वेगाचा नव्हता, हे त्याचे चाहतेही मान्य करत. शिवाय टॉटनहॅमच्या डोक्यावर त्या हंगामात पुन्हा दुसऱ्या विभागात घसरण्याची टांगती तलवार होती. क्लबने चेल्सीकडून पर्सी हम्फ्रीज हा अनुभवी आघाडीपटू आणला. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात टॉटनहॅमने चेल्सीलाच हरवून आपली जागा वाचवली आणि विजयी गोल हम्फ्रीजचा होता. चेल्सी खाली गेले. क्लबच्या व्यवस्थापनाने याकडे बोट दाखवून आपला निर्णय बरोबर ठरल्याचे सहज म्हटले असते.

तरीही घटनाक्रम डोळ्यांत खुपतो. ऑक्टोबरपर्यंत ज्याचे कौतुक छापून येत होते, तो खेळाडू शिवीगाळीच्या सामन्यानंतर अचानक पुरेसा चांगला राहिला नाही, हे पटायला जड जाते. कुठल्याही क्लबने असे कारण कागदावर लिहून ठेवले नसते. १९२५ मध्ये प्लिमथ अर्गाइलचा जॅक लेस्ली या कृष्णवर्णीय खेळाडूची इंग्लंडच्या संघात निवड झाली आणि मग त्याचे नाव यादीतून नाहीसे झाले, तेव्हाही जाहीर कारण देण्यात आले नव्हते. इंग्लंडच्या वरिष्ठ पुरुष संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, मैदानात उतरायला १९७८ उजाडले.

टलच्या हातात काय होते? जवळजवळ काही नाही. त्या काळच्या नियमांनुसार खेळाडूची नोंदणी क्लबच्या मालकीची असे. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. ही पद्धत मोडायला १९६३ मधला न्यायालयाचा निकाल यावा लागला. टल दोन वर्षे राखीव संघात खेळत राहिला.

नॉर्दम्प्टनला जाणे ही घसरण होती का?

कागदावर, होय. ऑक्टोबर १९११ मध्ये टॉटनहॅमने त्याला नॉर्दम्प्टन टाउनला दिले. बदल्यात चांगली रक्कम आणि चार्ली ब्रिटन हा बचावपटू टॉटनहॅमला मिळाला. नॉर्दम्प्टन हे मध्य इंग्लंडमधील बूट-चपलांच्या कारखान्यांचे गाव. त्याचा क्लब फुटबॉल लीगमध्ये नव्हता, सदर्न लीगमध्ये खेळत होता. मैदानही परगण्याच्या क्रिकेट संघाबरोबर वाटून घेतलेले. त्याच्या तीनच बाजूंना फुटबॉलचे प्रेक्षक बसत, चौथ्या बाजूला क्रिकेटचे मैदान मोकळे पसरलेले असे.

पण सदर्न लीगला आजच्या खालच्या विभागांच्या मापाने मोजू नये. टॉटनहॅमने १९०१ मध्ये एफए चषक जिंकला तेव्हा तेही सदर्न लीगमध्येच होते. १९२० मध्ये या लीगचा वरचा विभाग जवळपास जसाच्या तसा उचलून फुटबॉल लीगचा तिसरा विभाग करण्यात आला.

आणि नॉर्दम्प्टनमध्ये हर्बर्ट चॅपमन होता. हडर्सफील्ड आणि आर्सेनलला लीग विजेतेपदे मिळवून देणारा, इंग्लिश फुटबॉलमधील पहिला आधुनिक व्यवस्थापक मानला जाणारा चॅपमन तो हाच. पण १९११ मध्ये ही कीर्ती त्याच्या वाट्याला यायची होती. तो खाणकामगाराचा मुलगा. स्वतः खेळाडू म्हणून अर्धा डझनाहून अधिक क्लब फिरून आलेला, कुठेही फार न टिकलेला. त्यातला एक क्लब टॉटनहॅमच होता, पण टल तिथे येण्यापूर्वीच तो बाहेर पडला होता. अशा माणसाला राखीव संघात अडकलेल्या खेळाडूची किंमत कळली, यात नवल वाटू नये.

सुरुवातीला चॅपमनने टलला त्याच्या नेहमीच्या जागी, आघाडीच्या फळीत खेळवले. त्याच हंगामात ब्रिस्टॉल रोव्हर्सविरुद्ध टलने एका सामन्यात चार गोल केले. शहर तेच ब्रिस्टॉल, क्लब दुसरा. योगायोगच, पण टलच्या चरित्रकारांना तो मोह आवरत नाही आणि आम्हालाही आवरला नाही.

पण टलची खरी जागा सापडली ती मागे, हाफबॅकच्या फळीत.

हाफबॅक म्हणजे नेमके काय?

आज आपण मध्यरक्षक म्हणतो, त्याच्या जवळचे हे काम. त्या काळचा संघ गोलरक्षकापुढे दोन बचावपटू, मग तीन हाफबॅक आणि पुढे पाच आघाडीपटू असा उभा राहत असे. ऑफसाइडचा नियमही आजच्यापेक्षा कडक होता. चेंडू पुढे देताना आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत. हा आकडा दोनवर आला तो १९२५ मध्ये. त्यामुळे मैदानाच्या मध्यभागी प्रचंड गर्दी होई आणि तिथून चेंडू मोकळा करून पुढे देणारा माणूस सोन्याच्या मोलाचा ठरे. दोन कडांच्या हाफबॅकना प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीपटूंना अडवायचे, चेंडू हिसकावायचा आणि मान वर करून आपल्या आघाडीला तो पुरवायचा, असे दुहेरी काम असे.

चॅपमनने यात आपली भर घातली होती. त्याचे म्हणणे साधे होते. सतत चढाई करत राहिलो तर प्रतिस्पर्ध्याचे सगळे खेळाडू आपल्याच गोलापुढे भिंत उभी करतात. त्यापेक्षा हाफबॅकनी थोडे मागे सरकावे, समोरच्यांना बाहेर येऊ द्यावे आणि मोकळ्या झालेल्या जागेत चेंडू टाकावा. अशा खेळाला पळण्यापेक्षा अंदाज लागतो. टॉटनहॅममध्ये ज्याला वेग कमी म्हणून नावे ठेवली गेली, त्याच्यासाठी ही जागा बेतून शिवल्यासारखी होती.

चॅपमन १९१२ मध्ये लीड्स सिटीकडे गेला. टल राहिला. पुढची दोन-अडीच वर्षे तो संघाचा नेहमीचा खेळाडू होता. १११ सामन्यांत ९ गोल, आणि त्यातले चार एकाच दुपारचे, म्हणजे उरलेल्या सामन्यांत तो गोल करत नव्हता, दुसरेच काम करत होता. त्या कामाची मोजदाद तेव्हा कुणी ठेवत नसे. किती चेंडू अडवले, किती अचूक पास दिले याचे तक्ते आज सामना संपायच्या आत फोनवर येतात. टलच्या काळात हाफबॅकची पावती एकच असे. पुढच्या शनिवारच्या संघात त्याचे नाव आहे की नाही. टलचे नाव शंभराहून अधिक वेळा होते.

फुटबॉलपटूंची पलटण कशासाठी उभारली?

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, पण फुटबॉलचा हंगाम थांबला नाही. क्रिकेट आणि रग्बी थांबले होते. त्यामुळे वृत्तपत्रांतून आणि चर्चच्या व्यासपीठांवरून फुटबॉलवर टीकेची झोड उठली. तरुण, धडधाकट माणसे पैसे घेऊन चेंडूमागे पळतात आणि हजारो तरुण बघायला जमतात, हे देशद्रोहासारखे आहे असा सूर होता. त्यात थोडा वर्गाचाही तिरस्कार होता. व्यावसायिक फुटबॉल हा कामगारांचा खेळ होता.

या दबावातून १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा झाली आणि मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन उभी राहिली. ती फुटबॉल बटालियन म्हणूनच ओळखली गेली. सर्वांत आधी नाव नोंदवणारा फ्रँक बक्ली पुढे वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचा गाजलेला व्यवस्थापक झाला. इंग्लंडचा माजी कर्णधार व्हिव्हियन वुडवर्डही या बटालियनमध्ये आला. शनिवारी आपापल्या क्लबकडून खेळायला रजा मिळेल, अशी सोय ठेवलेली होती.

टलने २१ डिसेंबरला नाव नोंदवले. नॉर्दम्प्टनच्या खेळाडूंमध्ये सैन्यात जाणारा तो पहिला. तो साध्या शिपायाच्या दर्जाने गेला आणि फ्रान्सला पोहोचेपर्यंत लान्स सार्जंट झाला होता.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बटालियन फ्रान्समध्ये उतरली. खंदकातल्या पहिल्या हिवाळ्याने टललाही सोडले नाही. मे १९१६ मध्ये त्याला मानसिक आघातामुळे इंग्लंडला परत पाठवावे लागले. लष्करी डॉक्टरांनी तीव्र उन्माद अशी नोंद केली. तोफगोळ्यांच्या सततच्या माऱ्याने होणाऱ्या या अवस्थेला सैनिक शेल शॉक म्हणत. बरा होऊन तो त्याच वर्षी पुन्हा फ्रान्सला गेला, या वेळी २३ व्या, म्हणजे दुसऱ्या फुटबॉल बटालियनबरोबर सॉमच्या आघाडीवर. डिसेंबरमध्ये उवांमुळे पसरणाऱ्या खंदकतापाने आजारी पडून पुन्हा परत. त्याच्या वीरगाथेत ही दोन आजारपणे हल्ली घाईने उरकली जातात. खरे तर दोनदा मोडून पुन्हा उभे राहिल्यानंतर जे घडले, तेच त्याच्या आयुष्यातले सर्वांत विलक्षण होते.

नियम आड येत असताना तो अधिकारी कसा झाला?

ब्रिटिश सैन्यात अधिकारपद मिळण्यासाठी उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा, अशी अट युद्धापूर्वीच्या नियमावलीत होती. कृष्णवर्णीयांना सैन्यात भरती होता येई, पण गोऱ्या शिपायांना हुकूम देण्याच्या पदावर त्यांनी जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. भारतीय वाचकांना ही व्यवस्था परकी नाही. ब्रिटिश भारतीय सैन्यात सुभेदार, जमादार असे भारतीय अधिकारी होते, पण गोऱ्या सैनिकांवर त्यांचा हुकूम चालत नसे. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे किंग्ज कमिशन नऊ भारतीयांना द्यायचे ठरले, तेही १९१७ च्या ऑगस्टमध्ये.

टलला अधिकारी करण्यामागे कुणाचे हृदयपरिवर्तन नव्हते. १ जुलै १९१६ रोजी सॉमच्या पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्यातील सुमारे १९ हजार माणसे मारली गेली. खंदकातून सर्वांत आधी वर चढणारे कनिष्ठ अधिकारी त्यात मोठ्या प्रमाणावर होते. पब्लिक स्कूलमधून येणारी तरुणांची रसद पुरेना. मग शिपायांमधूनच होतकरू माणसे निवडून, त्यांना छावण्यांत प्रशिक्षण देऊन अधिकारी करण्याची पद्धत वाढली. त्यासाठी वरिष्ठांची शिफारस लागे. टलच्या वरिष्ठांनी ती केली. फेब्रुवारी १९१७ मध्ये तो स्कॉटलंडमधील गेल्स येथील प्रशिक्षण छावणीत गेला आणि ३० मे १९१७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाला.

कुणीतरी नियमाकडे कानाडोळा केला, हे उघड आहे. टलला आपला वंश लपवण्याची सोयच नव्हती. त्याचा चेहरा इंग्लंडमधील डझनभर मैदानांवर ओळखीचा होता आणि त्याच्या हाताखाली येणाऱ्यांत फुटबॉलपटूच अधिक होते. त्याच्या बाजूने उभी राहिली ती बहुधा हीच गोष्ट. बटालियनमधल्या लोकांना तो कुठल्यातरी वसाहतीतून आलेला अनोळखी माणूस वाटत नव्हता, नॉर्दम्प्टनचा हाफबॅक वाटत होता.

इटलीत आणि शेवटच्या दिवशी काय झाले?

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१७ मध्ये इटलीच्या सैन्याची ऑस्ट्रिया-जर्मनीपुढे दाणादाण उडाली. मदतीला गेलेल्या ब्रिटिश तुकड्यांत टलची ४१ वी डिव्हिजन होती. उत्तर इटलीत पियावे नदीच्या एका काठावर मित्रसैन्य, दुसऱ्या काठावर शत्रू. जानेवारी १९१८ च्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, टलने २६ जणांची तुकडी घेऊन रात्री ती बर्फगार, वेगवान नदी ओलांडली, शत्रूच्या हद्दीत छापा घातला आणि सगळ्यांना सुखरूप परत आणले. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि थंड डोक्याची लेखी प्रशंसा केली.

मार्चमध्ये डिव्हिजनला फ्रान्सला परत बोलावले. २१ मार्च १९१८ रोजी जर्मनीने आपली अखेरची मोठी चढाई सुरू केली आणि ब्रिटिश फळी मागे रेटली जाऊ लागली. २५ मार्चला बापोम गावाजवळच्या फाव्रॉय येथे माघार घेताना टलला गोळी लागली. लेस्टर फॉसचा माजी गोलरक्षक टॉम बिलिंगहॅम त्याच्या तुकडीत शिपाई होता. त्याने भर गोळीबारात टलला मागे ओढून नेण्याचा प्रयत्न केला, पण जर्मन सैनिक जवळ येत असल्याने त्याला ते सोडावे लागले. टलचा मृतदेह पुढे कधीच सापडला नाही. तिसाव्या वाढदिवसाला महिना उरला होता.

तो खरोखर पहिला कृष्णवर्णीय अधिकारी होता का?

नाही. टलविषयीच्या मजकुरात हा दावा इतक्या वेळा आला आहे की तो पाठच झाला आहे. जमैकात जन्मलेला मिश्रवंशीय यूआन लुसी-स्मिथ सप्टेंबर १९१४ मध्येच रॉयल वॉरिकशर रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला आणि एप्रिल १९१५ मध्ये मारला गेला. त्याच्या कुटुंबाला मिळालेले स्मृतिपदक २०२० मध्ये लिलावात आले, तेव्हा ही गोष्ट उजेडात आली. जमैकाचाच जॉर्ज बेमंड १९१५ मध्ये तोफखान्यात अधिकारी झाला. त्याची आई कृष्णवर्णीय होती, पण अर्जातील शुद्ध युरोपीय वंशाच्या प्रश्नाला त्याने होकार लिहिला होता आणि तो खपून गेला. फुटबॉलमध्येही टल पहिला नव्हता. गोलरक्षक आर्थर व्हॉर्टन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यावसायिक म्हणून खेळत होता.

पहिलेपणाचा शिक्का काढला म्हणून टलचे महत्त्व कमी होत नाही. या दोघांप्रमाणे तो वसाहतीतील सुखवस्तू घरातून आला नव्हता. तो अनाथाश्रमातून आणि शिपायांच्या रांगेतून वर आला.

दुसरा वाद मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाचा आहे. टलच्या मृत्यूनंतर त्याच्या एका सहकारी अधिकाऱ्याने एडवर्डला सांत्वनाचे पत्र पाठवले. त्याची या पदकासाठी शिफारस झाली होती, असे त्यात म्हटले आहे. पण सरकारी दफ्तरात त्या शिफारशीचा कागद नाही. शिफारस झालीच असेल तर ती अडवली कशामुळे, अधिकारी व्हायला नको होता अशा माणसाला पदक देणे अडचणीचे झाले म्हणून का, हा प्रश्न त्याच्या समर्थकांनी वारंवार विचारला. संसदेपर्यंत मागणी गेली. पदक मिळालेले नाही.

तो पुन्हा आठवला कसा?

युद्धानंतर जवळपास सत्तर वर्षे वॉल्टर टल त्याच्या नातेवाइकांपुरताच उरला होता. १९९० च्या दशकात फुटबॉल इतिहासकार फिल वासिली यांनी त्याचा माग काढला, एडवर्डच्या कुटुंबाकडची पत्रे आणि छायाचित्रे पाहिली, जुन्या वृत्तपत्रांतले सामन्यांचे वृत्तांत धुंडाळले. ब्रिस्टॉलच्या त्या दिवसाची बातमी आज सगळ्यांना माहीत आहे, ती या शोधामुळे. पुढे त्याच्यावर चरित्रे आली, बीबीसीने चित्रपट केला, रॉयल मिंटने युद्धाच्या शताब्दीनिमित्त काढलेल्या पाच पौंडांच्या नाण्यावर त्याचे चित्र घेतले.

पहिले स्मारक मात्र नॉर्दम्प्टनने उभारले. क्लब १९९४ मध्ये जुने तीन बाजूंचे मैदान सोडून सिक्सफील्ड्स या नव्या स्टेडियममध्ये गेला होता. १९९९ मध्ये स्टेडियमलगत टलच्या स्मृतीसाठी बाग आणि स्मारकाची भिंत झाली. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचे नाव आहे. फ्रान्समध्ये आरासच्या स्मारकावर, ज्यांना थडगे नाही अशा सुमारे ३५ हजार सैनिकांच्या यादीत, सातव्या कमानीखाली तो टी अक्षराच्या नावांमध्ये आहे.